नेस्तेरोव्हच्या विमानाला चाकं होती

चित्रात दोन विमानं एकमेकांत घुसली आहेत. वरून आलेलं एका पंखाचं, चतुरासारखं बारीक. खालचं दोन मजली पंखांचं, अंगाने जड. दोघं भिडली आहेत तिथे लाल-पिवळा भडका आणि त्याभोवती काळ्या धुराचे लोट. रंग जत्रेतल्या चित्रांसारखे, थेट आणि भडक. खाली रशियन लिपीत मोठ्या अक्षरांत शीर्षक आहे, त्याचा अर्थ साधारण 'वैमानिक नेस्तेरोव्हचा पराक्रम आणि मृत्यू' असा होतो. मूळ चित्र १९१४ सालचं. माझ्या भिंतीवर आहे ती त्याची अलीकडची प्रत, साध्या काळ्या चौकटीत. चौकट करून देणाऱ्या काकांनी ते काचेखाली सरळ करता करता विचारलं होतं, "काय हो, हा अपघात आहे की लढाई?"

मी म्हटलं, "लढाई, काका."

"मग बंदूक कुठे दिसत नाही ती?"

दोन्ही विमानांवर बंदूक नव्हतीच. हवेत मुद्दाम धडक देऊन शत्रूचं विमान पाडल्याची ही इतिहासातली पहिली नोंद. तारीख ८ सप्टेंबर १९१४, पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झालेले. रशियन कागदपत्रांत हीच तारीख २६ ऑगस्ट अशी सापडते, कारण तिथे तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, तेरा दिवस मागे. टाइमझोनने रोज डोकं उठणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा मामला ओळखीचाच वाटतो.

आधी चित्राच्या जातीबद्दल. रशियात अशा चित्रांना 'लुबोक' म्हणतात. सतराव्या शतकापासून लाकडी ठशांनी छापली जाणारी, वर चित्र आणि खाली चार ओळी मजकूर अशी ही स्वस्त चित्रं. संतांच्या कथा, राजे, राक्षस, गमतीजमती, सगळं त्यात यायचं. खेड्यातल्या घरात देवाच्या तसबिरीशेजारी ती लागायची. एकोणिसाव्या शतकात लाकडाची जागा दगडाने घेतली. मेणकट शाईने दगडावर चित्र काढायचं, दगड ओला करायचा. पाणी आणि तेल एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे छपाईची शाई फक्त चित्रावर चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आपल्याकडेही हे तंत्र चांगलं रुजलं होतं. पुण्याचा चित्रशाळा प्रेस १८७८चा, आणि राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये गिरगावात सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि माझ्या भिंतीवरचं हे विमान तंत्राच्या नात्याने चुलत भावंडं आहेत. या छपाईला लागणारा सगळ्यात उत्तम दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला, आणि तंत्राचा शोधही म्युनिकमधला. म्हणजे जर्मन-ऑस्ट्रियन शत्रूविरुद्ध रशियन माणसाचं रक्त तापवणारी चित्रं जर्मन विद्येच्या जोरावर निघत होती. युद्धात असले विनोद आपोआप घडतात.

ऑगस्ट १९१४नंतर या चित्रांना पूर आला. पहिला नायक कोझ्मा क्र्युच्कोव्ह नावाचा दोन प्रदेशातला कोझाक घोडेस्वार. त्याने आणि तीन साथीदारांनी जर्मन घोडदळाच्या एका मोठ्या टोळीशी झुंज दिली. छापखान्यांनी भाल्यावर एकाच वेळी चार-पाच जर्मन ओवलेला क्र्युच्कोव्ह घरोघरी पोचवला. मालेविच आणि मायाकोव्स्की यांच्यासारखी पुढे फार मोठी झालेली मंडळीसुद्धा त्या वर्षी 'आजचा लुबोक' या नावाच्या प्रकाशनासाठी चित्रं आणि यमकं जुळवत होती. क्र्युच्कोव्हनंतर काही आठवड्यांतच नेस्तेरोव्ह मिळाला. घोडा, भाला आणि कोझाक हे जुनं रशिया. विमान म्हणजे नवं. आणि मेलेला नायक छापायला जास्त सोयीचा असतो, तो पुढे काही भलतंसलतं बोलत नाही.

प्योत्र नेस्तेरोव्हचा जन्म १८८७चा, व्होल्गाकाठच्या निझनी नोवगोरोदचा. वडील लष्करी अधिकारी, ते लवकर गेले. मुलगा तिथल्याच लष्करी शाळेत शिकला, मग पीटर्सबर्गला तोफखान्याच्या विद्यालयात गेला. पहिली नेमणूक पार व्लादिवोस्तोकला. तिथे तोफांचा मारा कुठे पडतो ते फुग्यातून पाहण्याचं काम त्याच्याकडे आलं आणि जमिनीवरचं त्याचं लक्ष उडालं. सुटीवर गावी आल्यावर त्याला निकोलाय झुकोव्स्कींचा एक विद्यार्थी भेटला. झुकोव्स्की म्हणजे रशियन वायुगतिशास्त्राचे जनक. विमानाचा पंख हवेत का तरंगतो याचं गणित मांडणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक. नेस्तेरोव्ह स्थानिक हौशी मंडळात सामील झाला, त्याने ग्लायडर बांधला, आणि १९१२मध्ये गॅत्चिनाच्या लष्करी शाळेत वैमानिक होण्यासाठी दाखल झाला.

या माणसाबद्दल वाचताना मला धाडसापेक्षा त्याचा हट्ट जास्त जाणवतो, आणि तो हट्ट अगदी इंजिनिअरचा आहे. त्या काळी शिकवत की विमान वळवताना ते शक्य तितकं आडवं, सपाट ठेवा. कललं की घसरेल आणि पडाल. नेस्तेरोव्ह म्हणायचा की हे उलटं आहे. सायकलस्वार वळणावर झुकतो तसं विमानही झुकलंच पाहिजे, कारण पंखाला आधार देणारी हवा सगळ्या बाजूंनी सारखीच आहे. विमान कुठल्याही अवस्थेत असलं तरी वैमानिकाने योग्य हालचाल केली तर ते सावरतं, असं त्याचं म्हणणं. शाळेतले सहकारी हसायचे. त्याने कागदावर गणित मांडलं आणि सिद्ध करायची एकच पद्धत उरली, ती म्हणजे विमान पूर्ण उलटं करून परत सरळ आणायचं.

९ सप्टेंबर १९१३ला, नव्या कॅलेंडरप्रमाणे, कीव्हच्या सिरेत्स्की मैदानावर त्याने ते केलं. न्यूपोर कंपनीचं एकपंखी विमान सुमारे हजार मीटरवर नेलं, इंजिन बंद करून खाली झेप घेतली, सहाशे मीटरच्या आसपास इंजिन पुन्हा चालू केलं आणि नाक वर, आणखी वर, डोक्यावरून मागे खेचत पूर्ण वर्तुळ काढलं. जगातलं हे पहिलं 'लूप'. खाली उतरल्यावर वरिष्ठांनी त्याला दहा दिवसांची अटक सुनावली. गुन्हा होता सरकारी मालमत्ता धोक्यात घालण्याचा.

काही दिवसांतच फ्रान्समध्ये आदोल्फ पेगू याने तेच केलं आणि युरोपभर गाजला. मग मात्र रशियात वारं फिरलं. आपलाच माणूस पहिला होता हे सगळ्यांना आठवलं, नेस्तेरोव्हला बढती मिळाली. पेगू १९१४च्या वसंतात मॉस्कोला आला तेव्हा त्यानेही मोकळ्या मनाने हे मान्य केलं. त्याच मे महिन्यात नेस्तेरोव्हने कीव्हहून गॅत्चिनापर्यंतचं अंतर एका दिवसात कापलं. लोक सर्कशीसारखं पाहायला येत होते आणि तो मात्र प्रत्येक वेळी काही ना काही तपासत होता: शेपटाची रचना, वळणाचा कोन, लांबच्या उड्डाणात यंत्र किती टिकतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा तो २७ वर्षांचा होता, ११व्या कोअरच्या विमान तुकडीचा प्रमुख, दोन मुलांचा बाप. मी आज त्याच्याहून एका वर्षाने मोठा आहे. माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत आणि दोघंही माझं ऐकत नाहीत.

तेव्हाची विमानं लढायला बनवलेली नव्हती. त्यांचं काम बघण्याचं. शत्रूचं सैन्य कुठल्या रस्त्याने चाललंय, तोफा कुठे लावल्यात हे वरून पाहून यायचं आणि कागदावर उतरवायचं. वैमानिक फार तर पिस्तूल बाळगत, एखादा कार्बाइन घेऊन चढे. दोन शत्रू आकाशात समोरासमोर आले तर करण्यासारखं विशेष काही नसे. मात्र 'बघण्याचं काम' हे शब्द निरुपद्रवी वाटले तरी त्याने जमिनीवर हजारो माणसं मरत होती. ज्या पलटणीवर वरून नजर पडली तिच्यावर थोड्या वेळाने तोफगोळे पडायचे. शत्रूचं टेहळणी विमान पाडणं ही खरी गरज होती.

पण पाडायचं कशाने? नेस्तेरोव्हच्या हातात होतं फ्रेंच बनावटीचं मोरान-सोल्निए, बारीक आणि चपळ. त्याचं इंजिन आणि प्रोपेलर पुढे. समोर मशीनगन लावली तर गोळ्या आपल्याच प्रोपेलरला लागणार. यावर पहिला कामचलाऊ उपाय फ्रान्सच्या रोलां गारोसने १९१५च्या एप्रिलमध्ये लढाईत वापरला: प्रोपेलरच्या पात्यांवर पोलादी पाचरी, लागलेली गोळी घसरून जावी म्हणून. नीट उपाय त्या वर्षीच्या उन्हाळ्यात फोकरच्या विमानांवर आला. त्यात पातं नळीसमोर असेल त्या क्षणी बंदूक उडतच नाही. म्हणजे १९१४च्या सप्टेंबरमध्ये ज्या प्रश्नापुढे नेस्तेरोव्ह बसला होता त्याचं उत्तर अजून साताठ महिने लांब होतं. शिवाय मशीनगन वजनदार, आणि जी होती ती पायदळाला अपुरी पडत होती.

इंजिनाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मोरानचं ग्नोम इंजिन 'रोटरी' जातीचं होतं. त्यात दांडा स्थिर आणि अख्खं इंजिन, सगळ्या सिलिंडरांसकट, प्रोपेलरबरोबर गरगर फिरायचं. हवा लागून ते थंड राहायचं, म्हणून पाण्याचं वजन वाचायचं. त्याला वंगण म्हणून चालायचं ते एरंडेल तेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. वापरून झालेलं तेल सरळ बाहेर फेकलं जायचं, वैमानिकाच्या तोंडावर आणि कपड्यांवर. दिवसभर एरंडेलाच्या धुरात श्वास घेऊन पोटाचं काय व्हायचं हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. एरंडीच्या बियांचा जगातला मोठा पुरवठादार तेव्हाही भारत होता. महायुद्धाच्या आकाशाशी आपल्या शेतांचा असाही संबंध.

तर, बंदूक नसलेल्या नेस्तेरोव्हने काय काय करून पाहिलं? त्याच्याबरोबरच्या लोकांनी सांगितलेल्या हकिकतींमध्ये दोन जुगाड येतात. एक, विमानाच्या शेपटाकडच्या भागाला लावलेलं पातं, शत्रूच्या हवाई जहाजाच्या फुग्याचं कापड फाडण्यासाठी. दुसरं, लांब तारेच्या टोकाला बांधलेलं वजन. शत्रूच्या वरून जायचं आणि ती तार त्याच्या प्रोपेलरमध्ये गुंतवायची. हे ऐकून हसू येतं, पण प्रत्येक कल्पनेमागचा विचार एकच होता. माझ्याजवळ आहे ते यंत्र आणि थोडं लोखंड. यात काय बसवता येईल? तिसरी कल्पना सगळ्यात साधी होती, कारण तिला लागणारं सामान विमानावर आधीच होतं. दोन चाकं.

ल्वीवच्या उत्तरेला झोव्कवा नावाचं छोटं, देखणं गाव आहे. गाव सोळाव्या शतकाच्या शेवटी एका पोलिश सरदाराने वसवलेलं. १९१४च्या सप्टेंबरात ते नुकतंच रशियनांच्या ताब्यात आलं होतं आणि नेस्तेरोव्हच्या तुकडीचा तळ तिथे होता. ऑस्ट्रियाचं एक अल्बाट्रॉस जातीचं द्विपंखी विमान पुन्हा पुन्हा तळावरून जाऊन सगळं पाहून जात असे. ८ सप्टेंबरला सकाळी ते आलं तेव्हा नेस्तेरोव्ह मोरान घेऊन घाईने उडाला. तो एकटाच होता. अल्बाट्रॉस मोठं आणि संथ. मोरानने त्याला गाठलं, वर चढून मागून आला आणि खाली झेपावला.

धडक झाली. क्षणभर दोन्ही यंत्रं एकमेकांत अडकल्यासारखी दिसली, मग मोरान सुटून वेडंवाकडं खाली येऊ लागलं. त्याचं इंजिन निखळून वेगळं पडलं. नेस्तेरोव्ह विमानातून बाहेर फेकला गेला. त्याचा देह विमानापासून काही अंतरावर सापडला. अल्बाट्रॉसही कोसळलं. त्यातले दोघंही गेले.

नंतर रशियन लष्कराने रीतसर चौकशी केली. त्या चौकशीच्या नोंदीत एक गोष्ट आहे, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. नोंद सांगते की कप्तान नेस्तेरोव्हचं बऱ्याच दिवसांपासून मत होतं, की शत्रूच्या विमानाच्या पंखांवर आपल्या विमानाच्या चाकांनी वरून धक्का देऊन ते पाडता येईल, आणि असं करणारा वैमानिक सुखरूप परतण्याची शक्यता त्याला दिसत होती.

सुखरूप परतण्याची. त्याचा बेत जिवंत परत यायचा होता. द्विपंखी विमानाचा वरचा पंख म्हणजे लाकडी फासळ्यांवर ताणलेलं कापड. त्यावर जड चाकं आदळली तर फासळ्या मोडतील, आणि वरच्या विमानाचं फार तर चाकांचं नुकसान होईल, असा हिशोब. हिशोब वेडगळ नाही. अडचण आहे ती मोजमापाची. चाकं विमानाच्या पोटाखाली, आणि प्रोपेलर त्यांच्या जरा पुढे. दोघांत जेमतेम मीटरभराचं अंतर. दोन विमानांच्या वेगातला फरक तासाला २५ किलोमीटर धरला, तरी एका सेकंदात सात मीटर अंतर तुटतं. झेपेत असाल तर त्याहून जास्त. म्हणजे चाकांऐवजी प्रोपेलर आधी लागायला सेकंदाच्या सातव्या हिश्शाची गफलत पुरते. तोंडावर एरंडेल उडत असताना, हवेच्या हिसक्यांत, ज्याचा सराव कोणी कधी केलाच नाही अशा गोष्टीत. पहिल्याच प्रयत्नात पुढचं टोक आधी लागलं.

मग चित्रं निघाली. भिंतीवरच्या चित्रात मी चाकं शोधून पाहिली आहेत. आहेत तीही, पण धुरात, कोपऱ्यात गेलेली. चित्रकाराला त्यांचं काम नव्हतं. त्याला हवं होतं ते विमानाचं नाक शत्रूच्या अंगात भाल्यासारखं रुतलेलं, क्र्युच्कोव्हच्या भाल्याची हवाई आवृत्ती. चौकशीच्या नोंदीतली 'परतण्याची शक्यता' चित्रात उतरवणार तरी कशी? लुबोकला एकच क्षण दाखवता येतो. त्या क्षणाआधी या माणसाने महिनोन्महिने काय विचार केला आणि त्या क्षणानंतर त्याला कुठे उतरायचं होतं, हे दोन्ही चौकटीबाहेर राहतं. चित्र पाहणाऱ्या शेतकऱ्याला वाटलं असणार की या वीराने ठरवून प्राण दिला. रशियात पुढे शंभर वर्षं बहुतेकांना हेच वाटत आलं.

आणि हे वाटणं सरकारला सोयीचं होतं. फसलेला प्रयोग म्हटलं की लोक विचारतात, प्रयोग करायची वेळ का आली? सहा आठवड्यांच्या युद्धात सगळ्यात हुशार वैमानिकाला शत्रूवर चाकं आपटायला लागावीत इतकी साधनं कमी का होती? बलिदान म्हटलं की हे प्रश्न विचारणं असभ्य ठरतं. आणखी एक गोष्ट. ग्लेब कोतेल्निकोव्ह नावाच्या रशियन माणसाने १९११मध्ये पाठीवर बांधायचं पॅराशूट तयार केलं होतं, १९१२मध्ये त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. लष्करातल्या विरोधकांचा आक्षेप असा की हाताशी पॅराशूट असलं तर वैमानिक जरा काही झालं की उडी मारतील आणि महागडी विमानं वाया जातील. नेस्तेरोव्हच्या पाठीवर काहीच नव्हतं. वर्षभरापूर्वी सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून दहा दिवस अटक, आणि या वेळी तीच मालमत्ता शत्रूवर फोडली म्हणून मरणोत्तर सेंट जॉर्जचं पदक. मधल्या काळात त्याचा जीव कुठल्याच खात्यात मांडला गेलेला दिसत नाही.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे कोणी मरत नाही, म्हणून तुलना हलक्या हाताने करतो. पण रात्री तीन वाजता सर्व्हर कोसळतो, एखादी मुलगी सकाळपर्यंत जागून तो उभा करते, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये टाळ्या वाजतात हे मी पाहिलंय. त्या टाळ्यांच्या आवाजात, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा सहा महिने मागूनही का मिळाली नाही, हा तिचा प्रश्न विरून जातो. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच घडतं. तोवर तिचं नाव 'रॉकस्टार' पडलेलं असतं, आणि रॉकस्टारने यंत्रणा मागायची नसते.

नेस्तेरोव्हचा हिशोब बरोबर होता का, याचं उत्तर सात महिन्यांच्या आत मिळालं. ३१ मार्च १९१५ रोजी अलेक्सांद्र कझाकोव्ह या रशियन वैमानिकाने मोरानच घेऊन एका अल्बाट्रॉसला गाठलं. त्याच्याकडे तारेला बांधलेला गळ आणि स्फोटक होतं, म्हणजे नेस्तेरोव्हच्याच कल्पनेची पुढची आवृत्ती. ते ऐन वेळी चाललं नाही. मग त्याने वरून येऊन चाकांनी धक्का दिला. अल्बाट्रॉस पडलं. कझाकोव्हचं विमान मोडक्या चाकांनिशी उतरताना उलटलं, पण तो त्यातून चालत बाहेर आला आणि पुढे पहिल्या महायुद्धातला रशियाचा सगळ्यात यशस्वी लढाऊ वैमानिक ठरला. तोवर पश्चिम आघाडीवर प्रश्नाचं दुसरं उत्तर मिळू लागलं होतं. नेस्तेरोव्ह गेल्यानंतर महिन्याच्या आतच, ५ ऑक्टोबर १९१४ला, फ्रेंच वैमानिक जोसेफ फ्रांत्झ आणि त्याचा मेकॅनिक लुई केनो यांनी एक जर्मन विमान मशीनगनने पाडलं. त्यांच्या व्हॉयझाँ विमानाचं इंजिन मागे होतं, त्यामुळे पुढे बंदुकीला जागा मोकळी होती. इतका साधा फरक.

रशियन भाषेत मात्र नेस्तेरोव्हने एक शब्द ठेवला: 'तारान'. मूळ अर्थ किल्ल्याचा दरवाजा फोडायचा ओंडका. जून १९४१मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला, त्या पहिल्याच दिवशी अनेक सोव्हिएत वैमानिकांनी तारान केले. पूर्ण युद्धात असे पाचशेच्या वर प्रसंग घडल्याचं सोव्हिएत इतिहासकार सांगतात. कारणं ओळखीची: जुनी विमानं, कमी ताकदीच्या बंदुका, अपुरं प्रशिक्षण, संपलेल्या गोळ्या. ७ ऑगस्ट १९४१च्या रात्री मॉस्कोजवळ विक्तोर तालालीखिनने एका जर्मन बाँबरला धडक दिली आणि पॅराशूटने खाली आला. बावीस वर्षांचा पोरगा. दुसऱ्या दिवशी तो सोव्हिएत संघाचा वीर झाला, पुढे त्याच्या धडकेचं टपाल तिकीट निघालं, म्हणजे पुन्हा एक छोटं छापील चित्र. त्या तिकिटाआधीच, ऑक्टोबरमध्ये, तो दुसऱ्या एका चकमकीत मारला गेला होता. पॅराशूट होतं म्हणून त्याला ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढं तरी आयुष्य मिळालं.

खालच्या विमानातल्या दोघांबद्दल चित्राला काही म्हणायचं नाही. तिथे फक्त शत्रू आहे, टोपीएवढा. वैमानिकाचं नाव फ्रान्झ मालिना, आणि निरीक्षकाचं बॅरन फ्रीडरिश फोन रोझेनथाल. सोव्हिएत काळातल्या कित्येक पुस्तकांत बॅरनलाच वैमानिक करून टाकलं आहे. बॅरनला लोळवणं गोष्टीला जास्त शोभतं, त्यामुळे विमान खरोखर चालवत होता तो मालिना बराच काळ गोष्टीबाहेरच राहिला. नेस्तेरोव्हला कीव्हमध्ये पुरलं, ज्या गावावर त्याने पहिलं वर्तुळ काढलं होतं तिथेच.

झोव्कवाचं नाव १९५१मध्ये सोव्हिएत सरकारने बदलून 'नेस्तेरोव्ह' ठेवलं. एक्केचाळीस वर्षं पत्रांवर, रेल्वेच्या वेळापत्रकात आणि जन्मदाखल्यांवर तेच नाव होतं. १९९२मध्ये, युक्रेन स्वतंत्र झाल्यावर, गावाने आपलं जुनं नाव परत घेतलं.